भांडायला काही सापडेना

आमच्या घरात टेन्शन हा शब्द बोलायला बंदी होती. बाबांचं म्हणणं असं, की हा शब्द रंगीत टीव्हीबरोबर आमच्या भागात आला आणि तेव्हापासून लोकांनी कशाचंही नाव घ्यायचं सोडून दिलं. रेशनवर रॉकेल आलं नाही, टेन्शन. मास्तर आठवडाभर शाळेत फिरकले नाहीत, टेन्शन. सासू बोलली, टेन्शन.

"अरे, रॉकेल नाय तर रॉकेल नाय म्हणा ना," बाबा ओरडायचे. "टेन्शनवर मोर्चा कसा काढायचा? त्याचं हापिस कुठं हाय?"

बाबा संघटनेचे कार्यकर्ते होते. वनजमिनीचा दावा, रोजगार हमीचं काम, रेशनकार्ड, जिथे काही अडलं असेल तिथे बाबा हजर. उरलेल्या वेळात भातशेती. आई हेच जरा वेगळं सांगायची. ती म्हणायची, "शेती मी करते. ते शेतकऱ्यांचं करतात."

आमचं गाव शहापूर आणि मुरबाडच्या मधलं, किन्हवलीच्या बाजूचं. वर्तमानपत्र गावात दुपारनंतर यायचं, तेही कुणीतरी बाजाराला गेलं तर. पत्रकं मात्र गठ्ठ्यांनी यायची, आणि आमच्याच घरी उतरायची. त्यांच्यावर मी बसायला शिकले आणि त्यांच्यावरूनच वाचायला. इतर मुलांचा अ अननसाचा होता, माझा अन्यायाचा. शाळेत गाईवर निबंध लिहायला सांगितला, तेव्हा मी गाईचे उपयोग सांगून झाल्यावर शेवटी लिहिलं, 'तरी गाईच्या सर्व मागण्या त्वरित मान्य कराव्यात.' बाईंनी लाल शाईने विचारलं, 'कोणत्या?' त्या आधी गाईलाच विचारायला हव्या होत्या हे मला पटलं, आणि मी गोठ्यात जाऊन बराच वेळ बसले.

पाहुणे आले की इतर मुली गाणं म्हणायच्या. मी पत्रक म्हणून दाखवायची, तालुक्याच्या नावापासून 'आपले नम्र'पर्यंत. बाबा डोळे मिटून ऐकायचे. एखादा मुद्दा गळला तर डोळे न उघडताच सांगायचे, "पाणी राहिलं."

त्या डोळ्यांचीच ही गोष्ट आहे.

बाबांची खरी कला भिंतीवर दिसायची. गेरूचं डबडं आणि काथ्याचा ब्रश घेतला की ते दोरी न लावता सरळ ओळीत घोषणा लिहायचे. दोन हजार सालाच्या पुढेमागे त्या ओळी उतरणीला लागल्या. बाबा म्हणाले, भिंतच वाकडी आहे. मग एकदा 'जंगल आमच्या हक्काचं' ही घोषणा देवळाशेजारच्या भिंतीवर सुरू झाली आणि तिचा शेवटचा शब्द शेजारच्या घराच्या दारावर उमटला. त्या घरातल्या सुनेला पुढे वर्षभर लोक चिडवत होते. "दार हक्काचं दिसतं गो तुजं!"

त्यानंतर आणखी एक प्रकार झाला. फाट्यावर उभे असताना बाबांनी एसटी समजून एका लाल टेम्पोला हात केला. टेम्पो थांबला नाही. विनंती थांब्यावर गाडी थांबवलीच पाहिजे, म्हणून बाबा त्याच्यामागे धावले. टेम्पोवाला बिचारा पुढे चहाला थांबला होता, तिथे त्याला गाठून त्यांनी प्रवाशांच्या हक्कांवर भाषण केलं. टेम्पोत गॅसच्या टाक्या होत्या. "एवढं सगळं बोलले आणि तोही ऐकत बसला," आई सांगायची. "शेवटी म्हणतो, काका, तिकीट काढू का तुमचं?"

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त.

पहिल्यांदा आम्ही त्यांना मुरबाडच्या शिबिरात नेलं. तिथे ऑपरेशनला घेण्याआधी बीपी बघतात. वर गेलं असेल तर परत पाठवतात. बाबांचा नंबर यायच्या आधी उद्घाटन व्हायचं होतं आणि उद्घाटन करणारे पाहुणे आले नव्हते. म्हातारी माणसं सकाळपासून ताटकळलेली. बाबा उठले आणि आयोजकांना म्हणाले, "डोळे कुणाचे कापायचेत? पाहुण्याचे का यांचे?" पुढे जे झालं ते मोठ्या आवाजात झालं. मग बीपी बघितलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्यांदा शहापूरला. तिथे गावातली माणसं खुर्च्यांवर आणि पाड्यांवरून आलेली माणसं खाली फरशीवर बसवली होती. बाबांनी आपली खुर्ची एका ठाकर म्हातारीला दिली, स्वतः फरशीवर बसले आणि बाकीच्यांनाही खाली बसायला लावलं. सगळी रांग फरशीवर आली. मी तेव्हा मुरबाडला कॉलेजात होते, दुसऱ्या वर्षाला. मीही अभिमानाने त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. बीपी पुन्हा वर. आम्ही पुन्हा घरी.

जीपमध्ये मी म्हणाले, "बाबा, तुमी बरोबर केलंत."

आई खिडकीबाहेर बघत होती. ती म्हणाली, "हं."

डॉक्टरांनी निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की मोतीबिंदू पिकत चाललाय. फार पिकला तर डोळ्याला धोका आहे, मग ऑपरेशन करूनही उपयोग होईल असं सांगता येणार नाही. दिवाळीनंतर शहापूरला पुन्हा शिबिर आहे. तोपर्यंत गोळी चालू ठेवा आणि मुख्य म्हणजे, "त्यांना ताण घेऊ देऊ नका."

ताण घेऊ देऊ नका! जणू तो पानटपरीवर मिळतो आणि आम्ही त्यांना पैसे देतो.

पण हे काम माझ्याकडे आलं होतं आणि आमच्या घरची कामाची पद्धत ठरलेली होती. काहीही करायचं तर आधी बैठक. म्हैस विकायची, बैठक. मला कॉलेजात घालायचं, बैठक. ठराव मांडायचा, अनुमोदन घ्यायचं, मतं घ्यायची आणि बहुमताने जे ठरेल ते सगळ्यांनी पाळायचं. बाबांनीच घालून दिलेली शिस्त होती ती. मी ओटीवर बैठक बोलावली. आई वाल सोलत बसली होती.

"विषय?" बाबांनी विचारलं.

"एकच. तुमचं बीपी."

"हा वैयक्तिक विषय झाला."

"डोळा तुमचा वैयक्तिक हाय का?" आई म्हणाली. "गावची निम्मी कागदं तुमच्या डोळ्यानं वाचतात."

मी ठराव मांडला: शिबिरापर्यंत वर्तमानपत्र बंद, रेडिओच्या बातम्या बंद, तहसील कचेरीकडे जाणं बंद, आणि रेशन दुकानासमोरून जायचं झाल्यास दुसऱ्या बाजूला बघत जायचं.

"अनुमोदन," आई वालाची शेंग मोडत म्हणाली.

"माझा विरोध नोंदवा," बाबा म्हणाले.

"नोंदवला. ठराव मंजूर."

बाबांनी ठराव पाळला. हेच त्यांचं मोठेपण होतं. रेशन दुकान आलं की ते मान फिरवायचे, आणि त्या बाजूला काही दिसत नसल्यामुळे एकदा गटारात गेले.

मी तेवढ्यावर थांबले नाही. बाबांचा छापील शब्दावर विश्वास असल्यामुळे मी पत्रक लिहिलं. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर एक तक्ता होता, त्यातले मुद्दे घेतले आणि आमच्या भाषेत घातले. मथळा असा: 'ताणाविरुद्ध एल्गार!' खाली कलमं. दीर्घ श्वास घ्या. राग आल्यास मनात आकडे मोजा. रोज थोडं चाला. आवडीचं काम करा. ज्या गोष्टी आपल्या हातात नाहीत त्या सोडून द्या. शेवटी 'आपली नम्र'.

मी ते वाचून दाखवलं. बाबांनी नेहमीसारखे डोळे मिटून ऐकलं.

"कुणी लिहिलं?"

"मी."

"मालकानं लिहिल्यासारखं वाटतं," बाबा म्हणाले. "ताण आल्यावर माणसानं गप कसं बसायचं एवढंच हाय यात. ताण दिला कुणी, त्याचं नाव कुठं हाय? माणसाचं पाणी तोडायचं आणि वर सांगायचं, दीर्घ श्वास घे. आणि हे काय, हातात नाय ते सोडून द्या? तसं बघितलं तर आपल्या हातात काय होतं? आपण ते हातात घेतलं."

मला त्यांचं पटलं. आजही पटतं. असले तक्ते बघितले की मी अजून तळाशी शोधते, की हा ताण आला कुठून ते कुणी लिहिलंय का. मी पत्रक फाडलं. आईने तुकडे चुलीत घालण्यासाठी गोळा केले आणि विचारलं, "मग आता श्वास घ्यायचा का नाय?"

शिबिर जवळ आलं तसं आम्ही बाबांना भातसानगरला त्यांच्या थोरल्या भावाकडे पाठवलं. माझे हे चुलते धरणावर नोकरीला. शांत माणूस. ते बोलायला तोंड उघडायचे तेव्हा आधी थोडा वेळ नुसतंच उघडं ठेवायचे. कॉलनीत झाडी, रुंद रस्ते, संध्याकाळी धरणावरून येणारा वारा. भांडायला काही कारणच नाही. चुलत्यांनी आईला समजावलं, "धरणाचं कसं असतं, पाणी चढलं की दार उघडायचं. दाब आपोआप उतरतो. माणसाचंही तसंच."

"ते पाणी मुंबईला जातं भावजी," आई म्हणाली. "ह्यांचं आमच्याच अंगावर येतं."

चार दिवस बरे गेले असावेत. पाचव्या दिवशी चुलत्यांचा निरोप आला, की भावाला घेऊन जा. बाबा सकाळी फिरायला जात होते ते कॉलनीबाहेर. धरणाच्या खालच्या पाड्यावर त्यांना बायका डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढताना भेटल्या. ठरावात तहसील कचेरी होती, रेशन दुकान होतं. पाड्यावरच्या पाण्याचा उल्लेख नव्हता. बाबांनी आंगठे आणि सह्या गोळा केल्या आणि निवेदन घेऊन ते चुलत्यांच्याच साहेबाकडे गेले. चुलते आतून कडी लावून घरात बसले होते.

मी त्यांना आणायला गेले, तेव्हा मनातून घाबरले होते. परतताना उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडे नेलं. त्यांनी पट्टा बांधला, हवा भरली, सोडली.

"चांगलं आहे की," त्या म्हणाल्या.

माझा विश्वास बसेना. माणूस साहेबाशी भांडून आलाय, आवाज बसलाय आणि बीपी चांगलं? मी त्यांना यंत्र तपासायला सांगितलं. त्यांनी यंत्र मलाच लावून बघितलं. माझं वर होतं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती पुन्हा "हं" म्हणाली, पण या वेळी तिने हातातलं काम थांबवलं.

"साहेबाशी भांडून चढत नाय," ती म्हणाली. "शिबिरातच चढतं."

"तिथे अन्याय जास्त असतो," मी म्हणाले.

आईने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मला कॉलेजात घालायचा ठराव तिला परत मतदानाला टाकायचा होता.

शिबिराच्या दिवशी आम्ही पहिल्या जीपने शहापूरला पोचलो. या वेळी शिबिर एका ट्रस्टच्या नव्या इमारतीत होतं. बाबांनी पायरीवरच हॉलचा अंदाज घेतला. सगळ्यांना खुर्च्या. पाड्यावरचा एक म्हातारा सगळ्यांच्या आधी आला म्हणून पहिल्या रांगेत पहिला बसलेला. मंडप नाही, स्टेज नाही, हार नाहीत.

"उद्घाटन कधी हाय?" बाबांनी विचारलं.

"उद्घाटन नाही काका," तिथला कर्मचारी म्हणाला. "डॉक्टर आलेत, थेट सुरू करतोय."

बाबांनी मान हलवली, पण ती समाधानाने हलवल्यासारखी दिसली नाही.

त्यांना हिरवा झगा आणि टोपी दिली. उजव्या भुवईच्या वर पट्टीचा तुकडा चिकटवला, म्हणजे कुठला डोळा ते चुकायला नको. सिस्टरने बीपी बघितलं आणि ओठ चावला.

"वर आहे काका. जरा शांत बसा. थोड्या वेळाने परत बघते. नाही उतरलं तर मग पुढच्या शिबिराला बघू."

पुढचं शिबिर म्हणजे पुढचं वर्ष. आम्हा तिघांनाही ते माहीत होतं.

बाबा बसले, आणि लगेच उठले. पाण्याच्या पिंपाजवळ गेले, झाकण उचललं, आत वाकून बघितलं, पेलाभर पाणी पिऊन आले.

"गार हाय," ते म्हणाले.

"मग बरं झालं," आई म्हणाली.

पुन्हा उठले. संडासकडे गेले. बऱ्याच वेळाने आले. चेहरा उतरलेला.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"पाणी हाय नळाला. साबण पण हाय." बाबांनी ही बातमी कुणीतरी गेल्याचं सांगावं तशी सांगितली.

मग त्यांनी नंबर कसे लावलेत ते विचारलं. आल्याप्रमाणे लावले होते. पाड्यावरच्यांचे कागद कोण भरून देतं ते विचारलं. एक मुलगी त्यासाठीच बसवली होती आणि ती कुणावर ओरडत नव्हती. बाबांचा श्वास भरभर चालू झाला होता. ते हॉलमधून असे फिरत होते, जशी म्हैस नव्या गोठ्यात फिरते. शेवटी त्यांची नजर भिंतीवर गेली. मधल्या धुरकटातूनही त्यांना घड्याळ दिसलं. त्यांनी शेजाऱ्याला वेळ विचारली, मग घड्याळाजवळ जाऊन नाक लावून बघितलं, आणि त्यांचा आवाज चढला.

"हे घड्याळ मागं हाय! इथं आजारी माणसं बसलीत, त्यांना गोळ्या वेळेवर घ्यायच्या असतात, आणि तुमी त्यांना चुकीची वेळ दाखवताव? कोण हाय जबाबदार?"

सगळा हॉल गप्प झाला. मीही उठून त्यांच्या बाजूला उभी राहायच्या तयारीत होते. कर्मचारी पळत आला, स्टूल आणला, वर चढला, काटा पुढे केला आणि खाली उतरला.

"थँक्यू काका. आमच्या लक्षातच नव्हतं."

बाबा तोंड उघडं ठेवून उभे राहिले. पुढचं वाक्य तयार होतं, पण ते आता कुणाला सांगणार? भांडायला काही सापडेना. हिरव्या झग्यात ते अचानक फार बारीक दिसले.

त्या शांततेत आई बसल्या जागेवरून बोलली. हळूच बोलली, पण हॉल गप्प असल्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

"अवो, घाबरलाव तर घाबरलाव म्हणा ना. घड्याळावर कशाला काढताव?"

बाबांचे कान लाल झाले. पोलिसांची लाठी खाल्लेला माणूस. ती लाठी खाल्ल्यावर हसत घरी आलेला मी बघितला होता. मी आईवर चिडून काहीतरी बोलणार, तेवढ्यात पहिल्या खुर्चीवरचा पाड्यावरचा म्हातारा म्हणाला, "माला बी भेव वाटतं गो बाय. डोला भायेर काडून वाटीत धुतात, आसं आयकलंय."

"वाटीत नाय, ताटलीत," मागून एक बाई म्हणाली. "माझ्या नणंदेच्या गावात एकाचा परत बसवताना उलटा बसला."

"उलटा बसला तर काय दिसतं?"

"आतलं."

हॉलमध्ये हशा पिकला, पण तो घाबरलेल्या माणसांचा हशा होता. बाबा वळले. समोर इतकी माणसं एका जागी बसलेली असताना त्यांना गप्प राहता येत नाही, तो त्यांचा स्वभावच आहे. त्यांनी घसा साफ केला.

"कुणाकुणाला भीती वाटते? हात वर करा."

आधी कुणीच केला नाही. मग त्या म्हाताऱ्याने केला. मग ताटलीवाल्या बाईने. मग हात वर जातच राहिले. नातेवाईक म्हणून आलेल्यांनीही केले. मी पण केला.

"आनि तुमी?" आईने विचारलं.

"अध्यक्ष मत देत नाय," बाबा म्हणाले.

पण ते आता वेगळ्या आवाजात बोलत होते. त्यांनी त्या म्हाताऱ्याला आणि ताटलीवाल्या बाईला बरोबर घेतलं आणि आतल्या दारावर टकटक केली. शिष्टमंडळ! तिघेही हिरव्या झग्यात. एक तरुण डॉक्टरीणबाई तोंडावरचा मास्क खाली ओढून बाहेर आल्या.

"लोकांचं म्हणणं असं," बाबा म्हणाले, "की आत काय करतात ते लोकांना आधी सांगावं. डोळा बाहेर काढतात का, वाटीत धुतात का, आणि लोकांना दुखतं का."

इतक्या वर्षांत मी बघितलेल्या मागण्यांपैकी ही एकच जागच्या जागी मंजूर झाली. बाई दारातच उभ्या राहिल्या आणि त्यांनी सांगितलं. डोळा बाहेर काढत नाहीत, तो आपल्या जागीच असतो. आतली धुरकट झालेली काच काढतात आणि नवी बसवतात. त्याआधी डोळ्याच्या कडेला एक सुई. "ती दुखते," त्या म्हणाल्या. "खोटं सांगणार नाही. पण थोडा वेळच. मग काही कळत नाही. मी बोलत राहीन, तुम्ही ऐकत राहा."

म्हातारा म्हणाला, "सुईचं काय नाय मंग. काटं मोडतात रोज पायात." आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसला.

सिस्टरने बाबांचं बीपी पुन्हा घेतलं. मी आणि आई दोन बाजूंना.

"उतरलंय. पण अजून थोडं उतरायला हवं."

बाबांनी आमच्याकडे बघितलं, मग सिस्टरकडे. आवाज खाली आणून म्हणाले, "सिस्टर, लोकांना..." आणि थांबले. पुन्हा सुरुवात केली. "मला भीती वाटते. मागच्या दोन्ही वेळेला पण वाटली."

सिस्टरला यात काही विशेष वाटलं नाही. दिवसभर ती हेच ऐकत असावी. ती म्हणाली, "मग मूठ सोडा ना काका. मूठ आवळली की आकडा वर जातो."

बाबांनी आपल्या हाताकडे बघितलं. मूठ घट्ट वळलेली होती. ती आपली आहे हे त्यांना त्या क्षणीच कळल्यासारखं दिसलं. त्यांनी एकेक बोट सोडलं, आणि आईने तो हात खालून धरला. इतक्या माणसांत तिने त्यांचा हात धरलेला मी तोवर बघितला नव्हता. दोघेही भिंतीकडे बघत होते. सिस्टरने पट्टा बांधला आणि थोडी थांबून म्हणाली, "चालेल. घ्या आत."

ते आत गेले आणि मी बाहेर बाकावर बसले, तेव्हा माझं डोकं चालू झालं. मुरबाडचे पाहुणे खरोखरच उशिरा आले होते. पाड्यावरची माणसं खरोखरच फरशीवर बसवली होती. बाबांनी एकही भांडण खोटं केलं नव्हतं. आणि तरीही त्या भांडणांच्या मागे एक घाबरलेला माणूस लपून बसला होता, आणि कारण खरं असल्यामुळे तो कुणाला दिसला नाही. मला तर नाहीच. मी वाचायला शिकले तेव्हापासून मला अन्याय ओळखता येतो. भीती ओळखायला मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या पत्रकांत ती फक्त दुसऱ्याला वाटायची. 'सत्ताधारी घाबरले!' हे मी किती वेळा घोकलं होतं.

"तुला कधी कळलं?" मी आईला विचारलं.

"लग्नाच्या आधी दाढ काढायला नेलं होतं त्यांना," आई म्हणाली. "दवाखान्याच्या पाटीवर शुद्धलेखन चुकलं होतं म्हणून भांडून परत आले. तुझ्या आत्यानं सांगितलं मला."

"मग मागच्या दोन वेळेला का नाय बोललीस?"

"तेव्हा भांडण खरं होतं गो. मधी कसं पडणार?"

आतून बाबांचा आवाज आला. बाईंनी बोलत राहायचं आणि त्यांनी ऐकायचं असं ठरलं होतं. उलटंच चाललं होतं. मग "हलू नका काका" असं ऐकू आलं, आणि मग शांतता. आईने पदराचं टोक तोंडात धरलं ते त्यांना बाहेर आणेपर्यंत सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय दिसतं. बाबा म्हणाले, "तुमी फारच लहान दिसताव. काल माहीत असतं तर हात लावू दिला नसता." मग काळा चष्मा दिला आणि सूचना दिल्या. वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लावायचं नाही, जड उचलायचं नाही.

स्टँडबाहेर किन्हवलीकडे जाणारी जीप उभी होती. ड्रायव्हर नेहमीप्रमाणे माणसं कोंबत होता. आम्ही आत शिरलो. पाठोपाठ तो पाड्यावरचा म्हातारा आला, त्याच्याही डोळ्यावर काळा चष्मा, हातात औषधाची पिशवी. ड्रायव्हर त्याला म्हणाला, "ए म्हाताऱ्या, आत जागा नाय. पाठी उभा ऱ्हा फळीवर. नीट लटक."

म्हातारा निमूटपणे मागे जाऊन दांडा पकडायला लागला.

बाबा उठले. कालच्यासारखा श्वास भरभर चालला नव्हता. ते सावकाश, माणसांच्या पायांवर पाय न देता खाली उतरले आणि जाऊन जीपच्या समोर उभे राहिले.

"गाडी हलणार नाय," ते म्हणाले.

"बाबा, बीपी!" मी ओरडले आणि त्यांच्यामागे जायला उठले.

आईने माझा हात धरून मला खाली बसवलं. "असू दे. हे खरं हाय. ह्यानं त्यांना काय होत नाय."

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. बाबा काळ्या चष्म्यातून त्याच्याकडे शांतपणे बघत होते. पुढच्या सीटवर दोन दांडगे तरुण पाय पसरून बसले होते, त्यातला एक हसत होता. मग माझ्याच्याने बसवेना. मी खाली उतरले, पुढे गेले आणि त्यांचं दार उघडलं.

"उतरा," मी म्हणाले. "आजोबांना बसू दे."

एक उतरला. दुसऱ्याला आईने उतरवलं.